फी माफ, तरी पावती एवढी लांब?

प्रश्न : दादा, मुलगी सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजला आहे, सेकंड इयर. मुलींना शिक्षण फुकट म्हणून आम्ही गल्लीत पेढे वाटले आणि परवा फी भरायला गेलो तर जिमखाना, लायब्ररी, इंटरनेट, मेंटेनन्स असं काय काय जोडून पावती हातात, तीही गेल्या वर्षीपेक्षा जास्तीची. वर मुलगी म्हणते मजल्यावरचा कूलर दिवाळीपासून बंद आहे, पाणी घरूनच नेते. फसवतायत का आम्हाला?

उत्तर : फसवतायतच असं नाही ताई, पण 'फुकट' हा शब्द जरा जास्तच वाजवला गेला. जुलै २०२४ च्या जीआरमध्ये ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीये, आधी निम्मी होती. बाकीचे रकाने आपल्याच खिशातून. आणि ग्यानबाची मेख तिथेच आहे, ट्यूशन फी वाढवली की बोंब होते, हे बारके रकाने शे-दोनशेनं सरकले तर कोण बघतंय.

जिमखान्याचे पैसे द्यायला माझी ना नाही, पोरं खेळायलाच हवीत. पण मेंटेनन्सच्या नावाखाली झाडूवाल्या मावशींचा नि वॉचमनचा पगार पोरांकडून काढायला लागले तर मग ते सरकारी कॉलेज कसलं? दिल्लीत जेएनयूमध्ये २०१९ ला हेच झालं. हॉस्टेलच्या सिंगल रूमचं भाडं महिना २० रुपयांवरून ६०० करायचं ठरलं, चर्चा सगळी त्याची, पण खरा दणका होता तो महिन्याला साधारण १७०० च्या नव्या सर्व्हिस चार्जचा, म्हणजे हॉस्टेलच्या कामगारांचा खर्च. पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा गरिबांना थोडी सूट मिळाली.

तुम्ही आधी रकान्यावार पावती मागा, नुसती टोटल घेऊ नका, त्यात ट्यूशन फी चुकून लावलीये का तेही बघा आणि महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, फॉर्म यंदा रिन्यू केलाय ना? मग चार पालक मिळून प्राचार्यांना लेखी विचारा, एकट्या गेलात तर क्लार्कच वाटेला लावेल. तरी दाद नाही दिली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि हो, लायब्ररीचं डिपॉझिट वेगळं असेल तर ती पावती जपा, माझ्या भाच्यानं हरवली आणि पैशांवर पाणी सोडलं.

अर्जात कूलरचंही लिहा, वर्षभरात दुरुस्तीवर किती खर्च झाला, बिलासकट.