डबा भरलेला परत येतो तेव्हा

‘मॅडम, काहीही द्या, डबा जसाच्या तसा परत येतो.’ शाळा सुरू झाल्या की जून-जुलैत हे वाक्य ठरलेलं. माझ्याकडे आहाराच्या सल्ल्यासाठी आलेल्या ठाण्याच्या या आईने पुढे हळूच विचारलं, ‘मी कुठे कमी पडतेय का?’

मुलगी सात वर्षांची, दुसरीत. आई पहाटे साडेपाचला उठून नाचणीची धिरडी घालणारी. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, हे तिला तोंडपाठ. घरातले प्लॅस्टिकचे डबे तिने एका रविवारात काढून टाकले होते, फॉइल बंद केली होती आणि स्टीलचा नवा डबा आणला होता. चारही बाजूंना क्लिपा, उलटा धरला तरी थेंब सांडत नाही असा. (धडधाकट डबे फेकून नवं आणण्यात पर्यावरणाचं काय भलं झालं, हे मी विचारलं नाही. माझ्याही घरी हेच झालंय.) मुलगी मात्र मैत्रिणीच्या पाकिटातले वेफर्स खायची. २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि बाहेर ५० मीटरपर्यंत असा खाऊ विकायला बंदी आहे, पण घरून दप्तरात येणाऱ्या पाकिटाला कोण अडवणार?

वजन घटत असेल, घरीही जेवण टळत असेल, तर मी आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवते. इथे तसं काही नव्हतं. पुढच्या वेळी डबा भरून घेऊन या, एवढंच सांगितलं.

‘चल, सुट्टीची घंटा झाली. काढ डबा,’ मी म्हटलं. तिने तो मांडीत घेतला आणि नुसती बसून राहिली. मग अंगठ्याने एक क्लिप उचलायला लागली. दोन निघाल्या, तिसरी अडली. नखाशी लाल झालं. आईचे हात दोनदा पुढे आले, मी डोळ्यांनीच थांबवलं. घड्याळात चार मिनिटं गेली होती, आणि तिची सुट्टी पंधरा मिनिटांची, त्यात हात धुवायची रांग.

‘बाईंना नाही सांगत उघडून द्यायला?’

‘सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, एवढी मोठी झालीस ना.’ मग आपणहून म्हणाली, ‘पाकीट दातांनी फाटतं.’

आईला आधी हसू आलं, मग तिचा चेहरा उतरला. एवढ्या महिन्याभरात तिने पदार्थ बदलले, दटावलं, लालूच दाखवली. झाकणाचा विचार डोक्यातही आला नव्हता.

आजीच्या फडताळातून साध्या झाकणाचा स्टीलचा डबा निघाला. तो सांडू नये म्हणून खाऊ कोरडा. धिरडं गार झालं की चामट होतं आणि चावण्यात वेळ जातो, म्हणून त्याच्या बोटभर गुंडाळ्या. नाहीतर गूळ-तुपाचे पोळीचे लाडू, सोबत काकडी. फॉइलऐवजी जुन्या सुती साडीचे चौकोन. दोन पदार्थांतून एक मुलीने आदल्या संध्याकाळी निवडायचा. आणि रविवारचा नाश्ता डब्यातूनच, गॅलरीत बसून, झाकण तिनेच उघडायचं.

दोन आठवड्यांनी दोघी आल्या. डबा रिकामा येत होता, पण आईच्या कपाळावर आठी तशीच. ‘दोन लाडू देते, त्यातला एक मैत्रिणीला देऊन वेफर्स घेते. हे चालेल का?’

‘उद्यापासून किती लाडू देताय?’ मी विचारलं.

‘चार,’ उत्तर मुलीनेच दिलं.