उद्यापासून लोकल, तर हे ऐक

ठाण्याहून स्लो लोकल पकडणार ना? डब्यात शिरण्याआधी सॅक पाठीवरून काढून पोटाशी घे. महिला डब्यात जागा विचारून मिळते: "तुम्ही कुठे उतरणार?" जिने आधी विचारलं, ती जागा तिची. तिथे वाद घालू नकोस. तिघींच्या बाकावर चौथीला सरकून जागा द्यायचीच. दिवसभर उभ्या असलेल्या बाईला अर्धी मांडी टेकली तरी पुरतं. घाटकोपरला उतरायचं तर विक्रोळीलाच दाराकडे सरक, पुढचीला "उतरणार का?" विचार, ढकलू नकोस. फोनवर हळू बोल. आणि गरोदर बाई दिसली की तुझा नंबर असला तरी ऊठ. मला सातव्या महिन्यात एक अनोळखी बाई रोज जागा द्यायची. तिचं नाव विचारायचं राहिलं, ते अजून सलतं.