बॅटरी नवी असूनही गाडी सुरू होत नसेल, तर अर्थिंग कसे तपासावे?
बॅटरी नवी आहे, दिवेही लख्ख लागतात, पण चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येतो, असे आपण लिहिले आहे. सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर) बदलण्याआधी अर्थिंग, म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक इंजिन-बॉडीच्या धातूला जोडणारी पट्टी किंवा वायर, अवश्य तपासावे, कारण दिव्यांना थोडाच करंट पुरतो, सेल्फला मात्र शंभराहून अधिक अँपिअर लागतात. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मल्टिमीटरची (व्होल्ट मोजण्याच्या यंत्राची) काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर व लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर धरावी आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे, आकडा ०.५ व्होल्टच्या वर गेल्यास दोष अर्थिंगचाच समजावा. परभणीत माझ्या गाडीची अर्थची पट्टी वरून धडधाकट दिसत होती, पण बोल्ट काढल्यावर खाली हिरवट थर आणि काळ्या मातीचा वाळलेला चिखल निघाला. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी, मग पॉलिश पेपरने पट्टीखालचा धातू चमकेपर्यंत घासावा आणि बोल्ट घट्ट आवळावा.