"पोरगं जेवतच नाही", आणि तीन दिवसांची वही

माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या दर चार आयांमधली एक तरी हेच वाक्य घेऊन येते, की ताई पोरगं जेवतच नाही हो. म्हणून ही एक केस सविस्तर लिहितेय. त्या बाईची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ती आली तेव्हा पोरगा 21 महिन्यांचा होता. लांबच्या खेड्यातून आलेली, एकत्र कुटुंब, शेती, जनावरं. बसल्या बसल्या म्हणाली, मी त्याला काल मारलं. मग रडली, बराच वेळ. मी काहीच विचारलं नाही, पोराला खेळायला दोन डबे दिले आणि थांबले. हळूहळू सगळं बाहेर आलं. पहाटे पाचला उठायचं, गोठा, पाणी, स्वयंपाक, आणि शेतावर निघायच्या आधी पोराला भरवायचं. भरवायला तास, कधी दीड तास. हातात वाटी, दुसऱ्या हातात मोबाईल, मोबाईलवर गाणी लागली की तोंड उघडतं, गाणं संपलं की बंद, मग अंगणभर त्याच्या मागे, मग गोठ्याकडे गाय दाखवत, मग शेजारच्या ओट्यावर. एवढं करून चार घास पोटात. आदल्या दिवशी तिनं घास जोरात कोंबला, त्यानं सगळं उलटून टाकलं, तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या की आमच्या वेळी अशी नाटकं नव्हती, आणि हिचा हात उठला.

तिला वाटत होतं मी आता ओरडणार. मी तिच्याकडे वजनाचं कार्ड मागितलं.

हे मी नेहमी आधी करते, कारण "जेवत नाही" हा अंदाज असतो आणि कार्डावर आकडे असतात. जन्माला 3 किलो, वर्षाचा झाला तेव्हा 9, आणि आत्ता 10 किलो 600 ग्रॅम. तिनं बोट ठेवून दाखवलं, बघा ना ताई, वर्षात 6 किलो वाढला आणि नंतरच्या नऊ महिन्यांत दीड किलो फक्त, वाळत चाललाय. हे आयांना कुणी सांगतच नाही याचं मला फार वाईट वाटतं. अहो, पहिल्या वर्षात मूल जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं, तो वेग पुढे राहतच नाही. दुसऱ्या अख्ख्या वर्षात साधारण दोन-अडीच किलो वाढलं तरी ते नॉर्मल आहे. वाढ मंदावली की भूकही मंदावते. आणि नेमकं त्याच वयात त्याला चालता येतं, कोंबड्या, चिखल, वासरू, सगळं जग समोर उघडलेलं असतं, मांडी घालून बसणार कसा तो? हा पोरगा वाढीच्या चार्टवर मधल्या, म्हणजे सरासरी वजनाच्या रेषेच्या खाली होता, पण सुरुवातीपासून खालीच होता आणि स्वतःची रेघ धरून वर चालला होता. वाळत नव्हता.

तिला हे पटलं पण पोटात उतरलं नाही, कारण घरी जाऊन तिला गल्लीला तोंड द्यायचं होतं. प्रत्येक जण येता जाता म्हणतो, किती रोड झालाय गं. खेड्यात मूल एकट्या आईचं नसतं, ते सगळ्यांचं असतं, आणि त्यात जेवढा आधार आहे तेवढाच ताप पण आहे.

मी तिला एक काम दिलं. तीन दिवस पोराच्या तोंडात जे जाईल ते सगळं वहीत लिहायचं, कुणी दिलं आणि किती वाजता ते पण. तिनं दिलेलं तर लिहायचंच, इतरांनी दिलेलं पण. ती शेतावर असते तेव्हाचं सासूबाईंकडून विचारून घ्यायचं, आणि विचारताना आरोप वाटेल असं काही बोलायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचंय म्हण.

पुढच्या वेळी ती वही घेऊन आली आणि स्वतःच म्हणाली, ताई हा तर दिवसभर खातोय. उठल्या उठल्या दूध. आजोबांच्या चहासोबत बिस्किट. शेजारच्या काकूंकडे बिस्किट. पलीकडच्या घरी गाय आहे, तिथे रोज पेलाभर दूध, "लहान आहे, बिचारा जेवत नाही ना" म्हणून. दुपारी रडला की बाटली. संध्याकाळी कुणीतरी दुकानातून आणलेला गोड खाऊ. रात्री झोपताना पुन्हा बाटली. आम्ही दोघींनी बसून दूध मोजलं तर ते एका दिवसात जवळजवळ एक लिटर होत होतं. या वयाला साधारण अर्धा लिटर पुरे. त्याच्या वर गेलं की एकतर पोट भरलेलं राहतं, आणि दुसरं म्हणजे दुधात लोह फार कमी असतं, जास्त दूध पिणाऱ्या मुलांमध्ये रक्त कमी व्हायचा धोका असतो, आणि रक्त कमी झालं की भूक आणखी मंदावते, असं ते चक्र फिरत राहतं. म्हणून मी तिला आधी मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन थोडं कमीच निघालं, त्यांनी लोहाचे थेंब दिले. तो भाग त्यांचा, त्यात मी पडत नाही.

माझा भाग होता ताट, मोबाईल आणि सासूबाई.

सासूबाईंना मी मुद्दाम बोलावून घेतलं. त्या आल्या त्या लढायच्या तयारीनंच. मी त्यांना विचारलं, तुमची पोरं कशी जेवायची? त्या म्हणाल्या, आमच्याकडे वेळ कुठे होता भरवायला, ताटात वाढायचं, खाल्लं तर खाल्लं, खेळून आलं की आपोआप मागायचं. मी म्हटलं, हेच तर मी सुनेला सांगणारे, फक्त तुम्ही जास्त चांगलं सांगितलंत. मग त्यांना क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंची गोष्ट सांगितली, ज्यांनी बाळांच्या खाण्यावर प्रयोग करून 1928 साली त्याचा पहिला अहवाल छापला. नुकतं दूध सुटलेल्या बाळांसमोर साधे, सकस पदार्थ वेगवेगळ्या वाट्यांत ठेवायचे, नर्सनं चमचा घेऊन गप्प बसायचं, बाळानं हात पुढे केला तरच भरवायचं. कुणी एका दिवशी एकच पदार्थ खाई, दुसऱ्या दिवशी भलतंच काही, पण मुलं छान वाढली. यात एक मेख आहे जी लोक सांगायची विसरतात, समोर ठेवलेलं सगळंच चांगलं होतं, त्यात गोड खाऊचा डबा नव्हता. सासूबाई लगेच म्हणाल्या, मग गल्लीतली बिस्किटं बंद करायला लागतील. ते काम त्यांनी स्वतःहून उचललं. सुनेनं सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, त्यांनी सांगितलं तर कुणाची टाप नव्हती. शेजारच्या काकू मात्र रुसल्या आठवडाभर. मग त्यांना सांगितलं की पोराला खेळायला न्या, पाणी द्या, खायचं तेवढं आमच्याकडे.

बाकी ठरलं ते असं, की दिवसातून तीन जेवणं आणि मधे दोनदा थोडं काही, साधारण दोन-तीन तासांच्या अंतरानं, मधल्या वेळात फक्त पाणी. घरातले जेवतात तेव्हा त्याचं ताट त्यांच्यासोबत, खाली सांडलं तर सांडू दे. काय आणि कधी वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं ते त्यानं. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलायचं, न रागावता. नवीन पदार्थ थुंकला तर "त्याला आवडत नाही" असा शिक्का मारायचा नाही, काही मुलांना एकच चव दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. बाटली बंद, दूध पेल्यातून. आणि रडत्या मुलाच्या तोंडात घास कोंबायचा नाही, कधीच नाही, तो श्वासनलिकेत अडकू शकतो.

मोबाईलचं सगळ्यात अवघड गेलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच. पण मला जेवणापुरतं त्याहून जास्त हे महत्त्वाचं वाटतं की स्क्रीन बघत गिळणाऱ्या मुलाला पोट भरलं की रिकामं हे जाणवतच नाही, तेच जाणवणं तर शिकायचं वय असतं. पहिले तीन दिवस त्यानं घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या रात्री तिचा फोन, ताई आज दोनच घास खाल्ले, देऊ का मोबाईल? मी विचारलं, खेळतोय का, लघवी नीट होतेय का, पाणी पितोय का? सगळं हो होतं. म्हटलं, मग झोपव त्याला, सकाळी बघू. सकाळी तो स्वतः ताटाशी येऊन बसला होता, आजोबांच्या ताटाशी.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, हा सल्ला सरसकट सगळ्यांना नाहीये. वजन खाली येत असेल किंवा आपली रेघ सोडून घसरत असेल, खाताना वारंवार ठसका लागत असेल, घट्ट काही चावताच येत नसेल, दोन-तीनच पदार्थ सोडून बाकी सगळ्याला मूल घाबरत असेल, किंवा सुस्त पडून राहत असेल, तर वही लिहीत बसू नका, आधी डॉक्टर.

मारल्याचं ओझं तिच्या मनावर बरेच दिवस होतं. आम्ही त्यावर वेगळं बोललो, दोनदा. तिच्या दिवसात तिच्यासाठी काहीच नव्हतं, सलग झोपसुद्धा नाही, आणि घरात ती चांगली आई आहे की नाही हे रोज त्या वाटीवरून ठरत होतं. नवऱ्याला बोलावलं, तो कमी बोलणारा, पण संध्याकाळचं जेवण आता तो पोराला घेऊन बसतो. तेवढ्या वेळात ती गोठ्याच्या मागे जाऊन नुसती बसते म्हणाली.

परवा तिचा फोन आला होता. नणंद राहायला आली आणि तिनं पोराला मोबाईल दिला, दोन दिवस पुन्हा तोच गोंधळ. मग सासूबाईंनीच मोबाईल काढून घेतला. आज किती जेवला म्हणून विचारलं तर हसली, म्हणाली बघितलंच नाही ताई, मी माझं जेवत होते.