लोकानुनय ‘लाभत’ नसतो

प्रश्न आलाय की ‘टोकाची भाषा करणाऱ्या नेत्याला जनतेचा प्रचंड लोकानुनय लाभला’ हे वाक्य बरोबर आहे का, की तिथे ‘सहानुभूती’ हवं.

नाही हो, बरोबर नाही. टीव्हीवरच्या चर्चांमध्ये हे ऐकून ऐकून कान किटलेत. लोकानुनय म्हणजे लोकप्रियता नाही आणि पाठिंबाही नाही. अनुनय, म्हणजे मनधरणी, नेता करतो, लोकांची. त्यामुळे तो त्याला लाभायचा प्रश्नच येत नाही, आणि ‘जनतेचा लोकानुनय’ म्हणजे लोक दोनदा आले ते वेगळंच. वर काहीजण छातीठोकपणे सांगतात की अनुनय म्हणजे मागे जाणं, अनुयायीसारखं. अहो, अनुयायीतला धातू ‘या’, जाणे. अनुनयातला ‘नी’, नेणे. दोघांत सारखं काय, तर फक्त ‘अनु’.

या ‘नी’ची खरी गंमत पुढे आहे. नेता, नायक, नीती, विनय, प्रणय, अभिनय, सगळी याचीच पोरं. अभिनय म्हणजे अर्थ प्रेक्षकाकडे नेणं, ही फोड खुद्द नाट्यशास्त्रात आहे. आणि अनुनय म्हणजे रुसलेल्याची मनधरणी. संस्कृत काव्यात नायिका रुसते आणि नायक तिचा अनुनय करतो, म्हणजे बघा, नायकही ‘नी’चा, अनुनयही ‘नी’चा, आणि त्यासाठी जो अभिनय करतो तोही ‘नी’चाच! मला यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं तर अनुनयाला आधी रुसवा लागतो. कुणी रुसलंच नसेल तर मनधरणी करणार कुणाची?

म्हणूनच ‘डेमागॉग’ (असा अनुनय करणाऱ्या नेत्याला इंग्रजी शब्द) म्हणजे ‘वाक्चातुर्याने जमावाला भुलवणारा’ असा अर्थ देऊन मोकळे होणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. त्यात लोक म्हणजे नुसता मेंढरांचा कळप, सगळी करामत जिभेची. जिभेचीच करामत असेल तर जर्मनीचं काय सांगाल? 1928 च्या निवडणुकीत नाझींना 2.6 टक्के मतं. सप्टेंबर 1930 मध्ये 18.3, आणि जुलै 1932 मध्ये 37 च्या वर. माणूस तोच, वक्तृत्व तेच, मधल्या काळात बदलला तो लोकांचा रुसवा. त्यातही उत्तरेकडचा श्लेस्विग-होल्श्टाइन हा शेतकरी, प्रोटेस्टंट भाग बघा. शेतमालाचे भाव पडलेले, डोक्यावर कर्ज, गुराढोरांचे नि शेतांचे लिलाव, आणि बर्लिनमध्ये आपलं कुणी ऐकत नाही ही खदखद. तिथे 1928 मध्ये 4 टक्के, 1932 मध्ये 51. बेकारांनी हिटलरला निवडून आणलं हेही असंच एक घिसंपिटं वाक्य, बेकार कामगारांतले पुष्कळसे कम्युनिस्टांकडे गेले होते, नाझींकडे जास्त वळले ते आपलं आहे ते जाईल म्हणून धास्तावलेले छोटे शेतकरी, दुकानदार. उपाशी माणसापेक्षा घसरायला लागलेला माणूस जास्त रुसतो असं माझं मत, कोशात सापडणार नाही.

बरं, डेमागॉगची ग्रीक फोड केली तर डेमोस म्हणजे लोक, आगोगोस म्हणजे नेणारा. शब्दशः लोकनेता! सुरुवातीला त्यात शिवी नव्हती, ती नंतर प्राचीन अथेन्सच्या क्लेऑनसारख्या नेत्यांमुळे चिकटली. मितिलीनी या अथेन्सच्या मित्रशहराने केलेलं बंड इसवी सनापूर्वी 427 मध्ये मोडलं तेव्हा तिथले सगळे प्रौढ पुरुष मारा म्हणून अथेन्सच्या सभेत पेटून बोलला तो हाच. सभेने ठराव केलाही आणि दुसऱ्या दिवशी थोडक्या मतांच्या फरकाने फिरवलाही. त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडीज क्लेऑनला अथेन्समधला सगळ्यात हिंसक माणूस म्हणतो, पण सगळं खापर त्याच्या स्वभावावर फोडणं मला पटत नाही. अथेन्समध्ये साथीत माणसं पटापट मेलेली, स्पार्टाचं सैन्य येऊन शेतं उजाड करून गेलेलं, त्यात मित्र म्हणवणारं शहर उलटलेलं. राग सभेत आधीच बसला होता, क्लेऑनने त्याची मनधरणी केली.

हां, सहानुभूती राहिलीच. मराठीत तिला आता दयेचा वास लागलाय, नेता वारला की ‘सहानुभूतीची लाट’ येते ती हीच. टोकाच्या नेत्याची लोकांना दया येत नसते, तो आपल्यातला वाटतो. म्हणून सरळ ‘त्याच्याकडे लोकांचा ओढा आहे’ लिहा. आणि कृपा करून त्याला ‘जहाल’ म्हणू नका, मराठीत त्या शब्दावर टिळकांच्या गटाचा हक्क आहे. ‘अतिरेकी’ म्हणालात तर लोक बंदूक शोधतील. ‘टोकाचा’ पुरे.