वीज उतरली, तरी कॅम्पसाइटचं भाडं का उतरत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टच्या ज्या साइटवर 2019 मध्ये तंबूचे रात्रीचे 24 पौंड, वीज धरून, देत होतात, तिथे यंदा 36 पौंड मागितले. वर हुक-अपची, म्हणजे केबलने तंबूपर्यंत आणायची, वीज मीटरवर, युनिटला 48 पेन्स. घरच्या बिलावर युनिट 26 पेन्सच्या आसपास असताना साइटवाला जवळजवळ दुप्पट घेतो, ही सरळ लूट नाही का? आणि ऑक्टोबरच्या हाफ-टर्मला, म्हणजे शाळेच्या मधल्या सुट्टीत, दोन लहान मुलांना घेऊन हुक-अपशिवाय जमेल का?

आम्ही बारा वर्षं ब्रिटनभर तंबू ठोकत हिंडतोय. सुरुवातीला साधा तंबू होता, आता एक जुनी छोटी कॅराव्हॅन आहे. वेल्समधल्या एका छोट्या साइटवर आम्ही जवळजवळ दरवर्षी जातो आणि तिथल्या मालकांशी आता घरोबा झालाय. 2023 च्या उन्हाळ्यात चहा पिता पिता त्यांनी विजेची बिलं माझ्यासमोर टेबलावर ठेवली. तोवर माझंही मत तुमच्यासारखंच होतं. ती बिलं पाहून ते बदललं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरगुती दराशी तुलना करतानाच आपली गल्लत होते. 2022 मध्ये गॅस आणि विजेचे दर भडकले तेव्हा आपल्या डोक्यावर ऑफजेमच्या, म्हणजे ऊर्जा नियामकाच्या, प्राइस कॅपचं (घरगुती दरांवरच्या कमाल मर्यादेचं) छत्र होतं. सरासरी घराचं वार्षिक बिल ऑक्टोबर 2021 मध्ये 1,277 पौंड, एप्रिल 2022 मध्ये 1,971 आणि त्या ऑक्टोबरात 3,549 होणार होतं. शेवटी सरकार मधे पडलं आणि ते 2,500 वर रोखलं, म्हणून आपल्याला विजेचं युनिट 34 पेन्सच्या आसपास मिळालं. कॅम्पसाइट हा व्यवसाय. व्यवसायांना प्राइस कॅप लागूच नाही. त्यांना पुरवठादाराशी एक, दोन किंवा तीन वर्षांचा करार करावा लागतो, आणि ज्या दिवशी जुना करार संपतो त्या दिवशी बाजारात जो भाव असेल तो पदरात पडतो.

आमच्या ओळखीच्या या मालकांचा करार नेमका ऑगस्ट 2022 मध्ये संपला. आधी युनिटला 14 पेन्स होते, नव्या करारात 50 च्या वर. तोही तीन वर्षांसाठी, कारण एका वर्षाच्या कराराचा भाव आणखी चढा होता. ऑक्टोबर 2022 ते मार्च 2023 सरकारने व्यवसायांनाही चांगली सवलत दिली. पण हे सहा महिने म्हणजे थंडीचे, साइट अर्ध्याहून अधिक काळ बंद! एप्रिलमध्ये फाटक उघडलं, पाहुणे येऊ लागले, आणि त्याच महिन्यात सवलत आटून नावापुरती उरली. घरगुती दर उतरायला लागले तेव्हा हे त्या करारात अडकलेले होते. तुमच्या साइटचा 48 पेन्सचा दर मला असल्याच एखाद्या कराराचा वाटतो. त्यात व्यावसायिक विजेवर साधारणपणे 20 टक्के व्हॅट, आपल्या घरी 5. शिवाय स्टँडिंग चार्ज, म्हणजे आपल्याकडच्या बिलावरचा 'स्थिर आकार', साइट बंद असली तरी रोज चालूच.

लुटीबद्दल विचारलंत, तर एक नियम जरूर माहीत असू द्या. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये घरगुती वापरासाठी वीज पुन्हा विकणाऱ्याला, त्यात कॅराव्हॅन साइटवालेही आले, तो स्वतः पुरवठादाराला मोजतो त्याहून जास्त दर युनिटला लावता येत नाही. हा ऑफजेमचा नियम 2003 पासून आहे. स्टँडिंग चार्जचा वाटा आणि व्हॅट धरता येतो, पण नफा नाही. मीटर बसवण्याचा खर्च, केबलची दुरुस्ती, वाचन घेणाऱ्या माणसाचा वेळ, यातलं काहीही युनिटच्या दरात घुसवता येत नाही. ते पिचच्या, म्हणजे तंबू किंवा कॅराव्हॅन लावायच्या जागेच्या, भाड्यातून किंवा वेगळ्या शुल्कातूनच काढावं लागतं. तेव्हा 48 पेन्स हा आकडा ऐकायला कितीही जास्त वाटला, तरी ते स्वतः 48 मोजत असतील तर तो नियमात बसतो. 26 ने घेऊन 48 ने विकत असतील तर बसत नाही. रिसेप्शनवर शांतपणे विचारा की तुम्हाला कोणत्या दराने पडते. मी विचारतो, आणि प्रामाणिक माणसं न चिडता सांगतात.

याच नियमामुळे एक गंमत होते, जी फार कमी जणांच्या लक्षात येते. साइटने मीटर बसवले की विजेचा हिशेब चोख होतो, पण मीटरचा, खांबांचा, वायरिंगचा पैसा भाड्यात चढतो. म्हणून 'वीज वेगळी घेता, मग भाडं कमी करा' हे आपल्याला सरळ वाटतं, तरी तसं होत नाही.

पण भाडं चढण्याचं सगळ्यात मोठं कारण तुमच्या तंबूतल्या प्लगमध्ये नाहीच. ते आंघोळीच्या गरम पाण्यात आहे. हिशेब करून बघा. मिनिटाला 8 लिटरचा शॉवर 6 मिनिटं घेतला तर 48 लिटर पाणी. ते 10 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला साधारण 1.7 युनिट उष्णता लागते, बॉयलर आणि पाइपमध्ये वाया जाते ती वेगळी. चौघांच्या एकेक आंघोळीचे झाले सात युनिट. तुमच्या तंबूत कूलबॉक्स, दिवा, फोन आणि चहाची किटली मिळून उन्हाळ्यात दिवसाला तीन युनिट लागले तर खूप. म्हणजे हुक-अप न घेणारं कुटुंबही ऊर्जा भरपूर वापरतं, फक्त त्याला मीटर नसतो.

आणि हे पाणी तापतं कशावर? लेक डिस्ट्रिक्ट, वेल्सचे डोंगर, स्कॉटलंडचे हायलंड्स, कॉर्नवॉलची किनारपट्टी, जिथे आपल्याला जावंसं वाटतं तिथल्या कितीतरी साइटपर्यंत गॅसची पाइपलाइनच पोचलेली नाही. तिथे टाकीतला एलपीजी किंवा हीटिंग ऑइल, म्हणजे केरोसिन. त्याला ना कॅप, ना नियंत्रण. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं आणि मार्चमध्ये हीटिंग ऑइल लिटरला एक पौंडाच्या वर गेलं होतं. त्याच सुमारास दुसरा फटका बसला. कोविडमध्ये पर्यटनासाठी व्हॅट आधी 5 आणि मग 12.5 टक्के केला होता, तो 1 एप्रिल 2022 पासून पुन्हा 20 झाला. साइट व्हॅटसाठी नोंदलेली असेल तर तुमच्या 36 पौंडांतले 6 सरकारचे आहेत. किमान वेतन एप्रिल 2021 मध्ये तासाला 8.91 पौंड होतं, एप्रिल 2025 मध्ये 12.21. शौचालयं धुणाऱ्या, गवत कापणाऱ्या माणसांना ते मिळालंच पाहिजे, त्याबद्दल माझी जराही तक्रार नाही. मात्र वीज उद्या 20 पेन्सवर आली तरी भाडं 24 पौंडांवर परतणार नाही, हे त्यातून उघड होतं.

या सगळ्यात साइटवाल्यांचीही एक चूक आहे. सरसकट दर लावण्याची जुनी पद्धत. जुलैत तंबूत राहणारा आणि मार्चमध्ये कॅराव्हॅनमध्ये 2 किलोवॅटचा फॅन हीटर रात्रभर लावणारा, दोघांकडून हुक-अपचे तेवढेच पैसे. तो हीटर आठ तास चालला तर 16 युनिट. 48 पेन्सने एका रात्रीचे साडेसात पौंडांच्या वर जातात. पाच पौंड सरसकट घेणाऱ्या साइटला तो पाहुणा तोट्यातच पडतो, आणि भरपाई बाकीच्यांच्या भाड्यातून होते. इलेक्ट्रिक गाडी हुक-अपला लावून रात्रभर चार्ज करणारेही आहेत. 2.3 किलोवॅटने दहा तास म्हणजे 23 युनिट, आणि असं सलग ओझं घ्यायला हुक-अपची पेटी बनलेली नसते. म्हणूनच बऱ्याच साइटवर त्याला बंदी आहे. जिथे वेगळा चार्जर आहे तिथे दर जास्त असू शकतो, कारण गाडीच्या चार्जिंगला वरचा ऑफजेमचा नियम लागू नाही. मला विचाराल तर मीटर हीच न्याय्य पद्धत. आमच्यासारख्या कमी वापरणाऱ्यांचा त्यात फायदाच होतो.

आता ऑक्टोबरचं बोलू. हुक-अप घ्यायचाच असेल तर आधी पिचला किती अँपिअर आहेत ते विचारा. 6 अँपिअर म्हणजे जेमतेम 1,380 वॅट, 10 म्हणजे 2,300, 16 म्हणजे 3,680. घरची किटली 3,000 वॅटची असते. ती 10 अँपिअरच्या पिचवर लावलीत की ब्रेकर पडतो, आणि मग अंधारात, पावसात रिसेप्शन शोधत फिरावं लागतं. 1,000 वॅटच्या आतली छोटी किटली घ्या. वीज तेवढीच लागते, फक्त वेळ जास्त. एक लिटर पाणी उकळायला दहावा हिस्सा युनिट, म्हणजे 48 च्या दरानेही पाचेक पेन्स. चहात काटकसर करायचं कारणच नाही. खर्च आहे तो हवा तापवण्यात. तंबूत तर ती उष्णता कापडातून बाहेरच जाते. त्यापेक्षा प्रत्येकाच्या खाली जाड, उष्णतारोधक चटई घाला. थंडी जमिनीतून येते, हे आपल्याकडून आलेल्या माणसाला लवकर पटत नाही. मुलांच्या स्लीपिंग बॅगमध्ये झोपायच्या अर्धा तास आधी गरम पाण्याची रबरी पिशवी सरकवा. आमची मुलगी चार वर्षांची असताना ऑक्टोबरात दव गोठायच्या थंडीत अशीच गाढ झोपली होती. केबल वापरताना ती रिळावरून पूर्ण सोडून टाका, गुंडाळलेली केबल भार आला की तापते.

हुक-अपशिवाय नक्की जमतं, पण गॅस कोणता घेताय ते बघा. निळ्या सिलिंडरमधला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं थांबवतो. सकाळी शेगडी पेटत नाही आणि माणसाला वाटतं सिलिंडर संपला. थंडीत लाल सिलिंडरचा प्रोपेनच घ्या, आणि त्याला चालणारा रेग्युलेटर आहे ना ते निघण्याआधी घरीच लावून बघा. तीन लिटरचा छोटा प्रेशर कुकर ही आपली खरी बचत. शेजारचे लोक पास्त्याचं पाणी उकळत बसतात तोवर आपल्या खिचडीच्या शिट्ट्या होऊन, कुकर ब्लँकेटात गुंडाळून, गॅस बंद झालेला असतो. सकाळी एकदाच पाणी उकळून दोन थर्मास भरून ठेवा. कूलबॉक्सच्या बर्फाच्या पिशव्या बहुतेक साइटवर थोडक्या पैशांत गोठवून मिळतात.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. हीटरचे पैसे वाचवायला पेटलेला किंवा विझत आलेला बार्बेक्यू तंबूत, तंबूच्या पुढच्या खोलीतसुद्धा, कधीही आणू नका. गॅसची शेगडीही ऊब मिळावी म्हणून आत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि याच कारणाने ब्रिटनमध्ये तंबूत झोपलेली माणसं, मुलं गेली आहेत. त्याचा अलार्म फारसा महाग नाही, तो बॅगेत टाकाच. एखाद्या रात्री थंडी सोसवेना तर तंबू सोडून बी अँड बीला, म्हणजे नाश्त्यासह खोली देणाऱ्या घरी, जा. आम्ही एकदा गेलोय.

भाडंच कमी हवं असेल तर मोठ्या साइटऐवजी पाच कॅराव्हॅनवाल्या छोट्या साइट शोधा. 1960 च्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त क्लबांच्या प्रमाणपत्रावर त्या चालतात. बहुतेक शेतकऱ्यांच्या, सोयी मोजक्या. त्यांतल्या काही ठिकाणी तंबूही चालतात, पण क्लबचं सदस्यत्व लागतं. कितीतरी जागी शॉवरच नसतो, आणि भाडं कमी असण्याचं कारण बहुधा तेच. 2023 च्या जुलैपासून इंग्लंडमध्ये शेतकऱ्यांना वेगळ्या नियोजन परवानगीशिवाय वर्षातून 60 दिवस तंबूंसाठी शेत उघडता येतं, तेही स्वस्त पडतात. पण ती शेतं मुख्यतः उन्हाळ्यात सुरू असतात, ऑक्टोबरात भरवसा धरू नका.

तुमच्या जागी मी असतो तर हाफ-टर्मला त्याच साइटवर गेलो असतो, दोन रात्रींसाठी. मुलांना जागा ओळखीची आहे, शॉवर गरम आहे, हे लहानांबरोबर फार मोलाचं. हुक-अप घेतला असता, हीटर घरी ठेवला असता. दोन रात्रींचे सहा-सात युनिट, म्हणजे तीन-साडेतीन पौंड. पोचल्यावर मीटरचा फोटो काढा, निघताना पुन्हा काढा, आणि आकडे इथे टाका. तुमच्या कूलबॉक्सला किती वीज लागते तेही त्यातून कळेल.