संत्र्यावर टाचणीएवढे छिद्र, आत अळी नाही, तरी फळगळ: कारण आणि उपाय

प्रश्न: आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलांची) फळे रंग धरताना गळत आहेत. सालीवर बारीक छिद्र असते, फोडल्यावर अळी दिसत नाही. दोन फवारण्या केल्या, फरक नाही. (काटोल व वरुड भागातील शेतकरी)

उत्तर: हे फळातील रस शोषणाऱ्या पतंगाचे काम आहे. फळ दाबून पाहा. छिद्रातून रस उडाला आणि भोवतालचा भाग स्पंजासारखा लागला, तर निदान पक्के. फळमाशी असती तर आत अळ्या सापडल्या असत्या.

या किडीत नुकसान अळी करत नाही, पतंग करतो. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मागचे नारिंगी-पिवळे आणि त्यावर काळे डाग. सोंड टणक आणि टोकाला काटेरी असल्याने ती साल भेदून आत जाते. त्याच छिद्रातून बुरशी व जिवाणू शिरतात, फळ सडते आणि काही दिवसांत गळते.

फवारणी वाया जाते, कारण पतंग साल खातच नाही. दिवसा तो बागेबाहेर पालापाचोळ्यात, झुडपांत लपतो आणि अंधार पडला की नव्याने येतो. अळी तर संत्र्याला तोंडही लावत नाही. ती वाढते गुळवेल आणि वासनवेलीवर. म्हणून खरे काम धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) आहे. गुळवेल नुसती बुंध्यात तोडू नका. वर लटकलेली वेल हवेतून मुळ्या सोडते, त्या जमिनीला टेकल्या की वेल पुन्हा जगते. झाडावरून ओढून काढा, मुळासकट उपटा, जाळून टाका. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच हे उरकावे. काढ्यासाठी हवीच असेल तर बागेपासून लांब लावा.

आमिष: २ लिटर पाणी, २०० ग्रॅम गूळ, गळालेल्या फळांचा ४०० ते ५०० मिलि रस आणि मॅलाथिऑन ५० ईसी (द्रव कीटकनाशक) २० मिलि. रुंद तोंडाच्या दोन बाटल्यांत भरून दर २५ ते ३० झाडांमागे ठेवा, वर बल्ब लावा. गुरे आणि मुले तिकडे फिरकणार नाहीत याची काळजी घ्या.

संध्याकाळी ७ नंतर ओलसर काडीकचरा व कडुनिंबाचा पाला घालून धूर करावा. वारा जोराचा असेल तर धूर टिकत नाही, त्या रात्री भरवसा ठेवू नका.

गळालेली फळे रोज उचलून खोल पुरा. त्यांच्या वासाने आणखी पतंग येतात.